काजळासुराची हार

एका बाजारपेठेच्या गावात भांड्यांचा एक व्यापारी होता. नाव भालचंद्र शेटे. माणूस सचोटीचा, कष्टाळू, शब्दाला पक्का. खोट एकच. त्याला हरता येत नसे.

गिऱ्हाइकाशी भाव करताना तो जिंके. पारावर वाद निघाला तरी तोच जिंके. शेजारची लहान मुलं कॅरम खेळायला आली, तर त्यांनाही तो एक डाव सोडत नसे. "खेळ म्हणजे खेळ. त्यात लहान-मोठं काही नसतं," असं वर ऐकवी. मुलं पुन्हा येत नसत. येई ती फक्त त्याची धाकटी बहीण उज्ज्वला. तिचं सासर गावातच होतं. रविवारी ती यायची, बोर्ड मांडायची आणि हरायची. हरली की एकदा भावाच्या तोंडाकडे बघायची आणि हसायची.

"दादा, हरायलाही शिक रे कधीतरी," ती म्हणे.

"त्यात शिकायचं काय? तुला कुठे कुणी शिकवलं?" भालचंद्र म्हणे, आणि सोंगट्या पुन्हा मांडे.

गेल्या वर्षी उज्ज्वला आजारपणात गेली. बोर्ड भिंतीला टेकून उभा राहिला.

उज्ज्वलाला एक मुलगी होती, स्वरदा. मायलेकींना एका चित्रकथेचं भारी वेड. त्या चित्रकथेत झंझा नावाची मुलगी हातातल्या पंख्याने वादळ उठवते आणि शहरावर धूर सोडणाऱ्या काजळासुराला उडवून लावते. दर थंडीत मोठ्या शहरात अशा चित्रकथांच्या आणि सिनेमांच्या चाहत्यांचा मेळा भरे. लोक आपापल्या आवडत्या पात्राचा वेश करून तिथे जात. स्वरदा झंझा व्हायची. काजळासुर व्हायची तिची आई.

थंडी पडली तशी स्वरदा एक पिशवी घेऊन मामाच्या दुकानात आली.

"मामा, काजळासुर होशील?"

"मी? अगं, चार लोक ओळखतात मला. काय म्हणतील?"

"तिथे सगळेच तसले असतात. तू साधा गेलास तर उलट तुलाच हसतील."

तिने पिशवीतून झगा काढला. काळ्या साडीचा, घरीच शिवलेला. खांद्याशी उज्ज्वलाने लावलेली पिन तशीच होती. भालचंद्रने झगा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "नुसत्या झग्याने काय होतंय? असुराला चिलखत नको?"

त्याने दुकानातल्या ताटल्या आणि झाकणं दोऱ्यांनी ओवून छातीला, पाठीला बांधली. चालला की खणखणाट होई. स्वरदा खूश झाली.

मेळ्याच्या दारात ही गर्दी. एक पंखवाला तिरका होऊन आत शिरत होता. अंगभर खोकी घातलेला एक यंत्रमानव वडापाव तोंडापर्यंत कसा न्यावा या विवंचनेत उभा होता. दारावरच्या बाईने वहीतून मान वर न करता विचारलं, "नाव?"

"भालचंद्र शेटे. शेटे भांडी भांडार, मेन रोड."

"तुमचं नाही हो काका, आजचं."

भालचंद्र गोंधळला. स्वरदानेच उत्तर दिलं, "काजळासुर आणि झंझा."

आत एक रंगमंच होता. जोडीजोडीने वर जायचं, आपल्या कथेतला एक प्रसंग करून दाखवायचा आणि घंटा झाली की उतरायचं. याच प्रसंगासाठी स्वरदा वर्षभर थांबली होती. पंखा पुठ्ठ्याचा होता. त्याने उदबत्तीचा धूरही हलला नसता. झंझाने पंखा उगारायचा आणि काजळासुराने आपणहून पडायचं, एवढाच तो प्रसंग.

"शेवटी पडायचं हं, मामा," पायऱ्या चढताना तिने बजावलं.

"अगं, पडण्यात काय आहे?"

आधी भालचंद्र खांबासारखा उभा राहिला. समोर एवढी माणसं, आणि आपण असे झाकणं बांधून! मग त्याने चाचरत एकदा असुरासारखं हसून पाहिलं. बाजारात ओरडून कमावलेला आवाज तो. छप्पर दणाणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो आणखी मोठ्याने हसला. आणखी टाळ्या आल्या.

झंझाने पंखा उगारला.

"एवढ्याशा झुळकीने काजळासुर हलत नाही!" भालचंद्र गरजला आणि त्याने झगा गर्रकन फिरवला. लोक बाकांवर उभे राहिले. झंझाने पुन्हा पंखा उगारला. त्याने ताटलीवर थाप मारून दाखवली. "ये! आणखी वारा घाल! उकडतंय मला!" हशा उसळला.

तिसऱ्यांदा पंखा उगारताना स्वरदा हळूच म्हणाली, "मामा, आता."

त्याला ते ऐकू आलं. पण सगळा मंडप 'काजळासुर! काजळासुर!' ओरडत होता. या गजरात पडायचं कसं? तो कमरेवर हात ठेवून उभाच राहिला, आणि घंटा झाली.

भालचंद्रला सर्वोत्तम खलनायकाचा करंडक मिळाला. लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. यंत्रमानवाने तर दोनदा काढला. त्या गडबडीतून तो करंडक मिरवत स्वरदाजवळ आला.

"कसं काय झालं?"

"छान केलंस, मामा," ती म्हणाली.

भालचंद्र मुरलेला दुकानदार होता. 'बघून सांगते' म्हणून दुकानाची पायरी उतरणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पोरीचा आवाज तसा होता. पंखा तिने पिशवीत ठेवून दिला होता.

दोघं खाण्याच्या टेबलापाशी बसली. पावभाजी आली. भालचंद्रने करंडक टेबलाच्या मधोमध ठेवला.

"तुझी आई असती तर खूश झाली असती. तिला मिळाला होता का कधी?"

"नाही. आई लगेच पडायची."

"लगेच?"

"मी पंखा नुसता वर केला की धाडकन. मला हसू आवरायचं नाही. मग ती पडल्या पडल्या एक डोळा उघडून बघायची, मी हसतेय की नाही ते." स्वरदाने पाव मोडला आणि तसाच ठेवला. "म्हणून मला इथे यायचं होतं."

भालचंद्रचा घास हातातच राहिला. त्याला कॅरमचा बोर्ड आठवला. रविवार आठवले. हरल्यावर आपल्या तोंडाकडे बघणारी बहीण आठवली. इतकी वर्षं तो समजत होता, आपण जिंकतो आहोत.

तो उठून हात धुऊन आला. मग झगा सावरत दोन टेबलांमधल्या वाटेत जाऊन उभा राहिला आणि गरजला,

"झंझा! कुठे लपलीस? या शहराचा श्वास कोंडल्याशिवाय मी जाणार नाही!"

पावभाजी खाणाऱ्या माना वळल्या.

"मामा, लोक बघतायत," स्वरदा दबक्या आवाजात म्हणाली.

"मामा? कोण मामा? मी काजळासुर! भ्यालीस वाटतं?"

"मामा, खाली चहा सांडलाय."

"असुर चहाला भीत नाही!"

कुणीतरी ओरडलं, "अगं पोरी, काढ ना पंखा! आमचं जेवण गार होतंय!"

स्वरदाने पिशवीतून पंखा काढला. उठावं की नाही, अशी घुटमळली. मग उठली आणि तिने पंखा हलवला. अगदी जरासा. माशी उडवावी तसा.

भालचंद्र डुलला. दोन पावलं मागे गेला. एका पायावर फिरला, आणि दुकानातली उतरंड कोसळावी तसा आडवा झाला. ताटल्यांचा असा खणखणाट झाला की पलीकडच्या रांगेतली माणसं धावत आली. एक झाकण सुटून गडगडत गेलं आणि यंत्रमानवाच्या पायाशी थांबलं.

"मला वाकता येत नाही हो!" यंत्रमानव कळवळून म्हणाला.

काजळासुर चहाच्या थारोळ्यात निपचित पडला होता. मग त्याने हळूच एक डोळा उघडला.

स्वरदा हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "पुन्हा!" ती म्हणाली. "मामा, पुन्हा पड!"

तो पुन्हा पडला. परतताना मेळ्याच्या दारात पडला. बसथांब्यावरही पडला, तेव्हा एका आजींनी पाणी शिंपडायला तांब्या काढला. "काही झालेलं नाही हो, हरलोय फक्त," भालचंद्र उठून कपडे झटकत म्हणाला.

त्या रविवारी त्याने भिंतीजवळचा बोर्ड पुसून मांडला. करंडकात कॅरमची पावडर भरून ठेवली. डाव रंगला. राणी जाळीच्या अगदी तोंडाशी आली, आणि भालचंद्रचा नेम चुकला. स्वरदाने ती टपकन घेतली आणि मामाकडे संशयाने पाहिलं.

"मुद्दाम चुकलास ना?"

"छे गं," तिच्या तोंडाकडे एकदा बघत भालचंद्र म्हणाला, "वारा आला."

तात्पर्य: आपल्या माणसाच्या आनंदाला सोबत जायचं, तर जिंकायची हौस घरी ठेवून जावं. आणि आपल्यापुढे कुणी हसत हसत हरत असेल, तर ते त्याचं प्रेम आहे, हे वेळेत ओळखावं.