रणधवल घेतला का?

काळगडच्या रणधवल राजाला आपलं नाव अमर करायचं होतं. त्याने आपल्या नावाची नवी नाणी पाडली आणि फर्मान काढलं, "आजपासून रुपयाला रणधवल म्हणायचं. जो रुपया म्हणेल, त्याची जीभ छाटली जाईल." त्या दिवसापासून बाजार मुका झाला. माणसं नुसत्या बोटांनी भाव करू लागली.

राजाची आत्या म्हाळसाबाई त्याला समजवायला गेली. "अरे, रुपं म्हणजे चांदी, म्हणून तो रुपया. होन म्हणजे सोनं, मोहर म्हणजे ठसा. आपल्या खजिन्यात एकाही जुन्या नाण्याला माणसाचं नाव नाही. का, ते ठाऊक आहे?"

"कारण माझ्याएवढा मोठा राजाच आजवर झाला नाही!"

आत्याने खिडकी उघडली. बाहेर दाट धुकं होतं आणि खालून एक तिरडी चालली होती. चेहरे दिसत नव्हते, फक्त एक घोगरा आवाज वर आला, "रणधवल घेतला का रे? चला लवकर, सरण रचून झालंय!"

राजा दचकून खिडकीपासून मागे सरला. "आत्यासाहेब, हे मला का बोलावताहेत?"

"तुला नाही रे, नाण्याला. मयताच्या तोंडात नाणं घालून मग अग्नी देतात ना? आता राज्यात रोज कुणी ना कुणी मरणार, आणि प्रत्येक सरणावर तुझंच नाव जळणार. झालास की अमर!"

राजाने फर्मान फाडलं. मुठीतलं नवंकोरं नाणं आत्यापुढे टाकून तो ओरडला, "सगळी वितळवून टाका!"

आत्याने ते उचललं, पदराने पुसलं आणि त्याच्या तळहातावर परत ठेवलं.

"बाकीची वितळवते. हे एक राहू दे, बाळा. तुला लागेल."