बंदीची गाणी पाठ करणारा पोपट

सिंहाच्या दरबारात एक पोपट राजगवई होता. रोज सकाळी तो महाराजांच्या आयाळीवर, नखांवर, डरकाळीवर एकेक कवन म्हणे आणि त्याबद्दल त्याला पिकलेला पेरू मिळे. टाळ्याही मिळत, कारण टाळ्या न वाजवणाऱ्याला लांडगा हेरून ठेवी. पण मुलांनो, पेरूने पोट भरते, मन भरत नाही. "पोपटराव, पुन्हा एकदा म्हणा ना," असे त्याला जन्मात कुणी म्हटले नव्हते, आणि हेच त्याचे दुखणे होते.

संध्याकाळी नदीकाठी ते दुखणे आणखी चिघळे. तिथे करवंदीच्या जाळीवर दयाळ गात असे. दयाळ म्हणजे मूठभर आकाराचा काळा-पांढरा पक्षी. त्याला ना दरबारात जागा, ना पेरू. नदीचा स्वच्छ डोह सिंहाने एकट्यासाठी राखला होता आणि बाकीच्यांना गढूळ पाणी प्यावे लागे. त्यावर दयाळाने गाणे रचले होते :

डोंगरातून आली नदी,
राजाने ती खणली कधी?

गाणे सुरू झाले की हरणे पाणी प्यायची थांबत, अस्वल डोलू लागे आणि शेवटी सगळे ओरडत, "पुन्हा! पुन्हा!" ते ऐकून पोपटाच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा त्याने हरिणीला विचारलेच, "माझ्या गाण्यात काय कमी आहे गं?"

हरिणी भिडस्त. "कमी काही नाही हो," ती म्हणाली, "पण तुमचं गाणं संपलं की संपतं. त्याचं आमच्याबरोबर घरी येतं."

झाले! पोपट तडक सिंहाच्या गुहेत गेला. "महाराज, तो दयाळ तुमची टवाळी करतो." सिंहाला गाण्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण टवाळी बरोबर कळली. गाण्यावर बंदी आली. दयाळाने दुसरे रचले. त्यावरही बंदी आली, तर तिसरे. मग सिंहाने त्याला वडाच्या ढोलीत कोंडले, ढोलीच्या तोंडाशी काटेरी फांद्या लावल्या आणि पोपटाला हुकूम सोडला, "बंदीची गाणी कोणती, हे तुला ओळखता आलं पाहिजे. बाहेर बस आणि एकूण एक पाठ कर."

पोपटच तो, ऐकले की पाठ! आत दयाळ जुनी गाणी म्हणे, नवी जुळवी, बाहेर पोपट ती सगळी घोकी. त्याला त्यांत खोट काढायची होती, पण ती काही सापडेना. "मेल्याला अंधारात एवढं सुचतं तरी कुठून!" असे म्हणून तो चरफडे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तिथे हजर होई. कारण काट्यांतून दयाळ बाहेर पडू शकत नसला, तरी त्याचा आवाज पडत होता आणि वडाखाली गर्दी वाढत होती. महिनाभरात सात गाणी झाली. शेवटी कंटाळून सिंहाने दयाळाला डोंगरापलीकडे हाकलून दिले.

पोपट मुद्दाम हद्दीपर्यंत गेला. "आता कुणाला ऐकवशील?" त्याने खवचटपणे विचारले.

"ते बघू," दयाळ म्हणाला. "आत्ता एक ओळ सुचली आहे. विसरायच्या आत मला जाऊ दे."

पुढे छाव्याचे बारसे आले. सारे जंगल जमले. पोपटाने नवे कवन सुरू केले, तर अस्वल पेंगू लागले आणि खुद्द महाराजांनी जांभई दिली. पोपट घाबरला. आज काहीतरी असे गायचे की सगळे जागे झाले पाहिजेत! त्याने डोळे मिटले, चोच उघडली आणि महिनाभर घोकलेले तेच बाहेर आले : "डोंगरातून आली नदी..."

सगळे जंगल गाऊ लागले. "पुन्हा! पोपटराव, पुन्हा!" पोपटाच्या डोळ्यांत पाणी आले.

मग डरकाळी झाली. "हे गाणं कुणाचं?"

'माझं' हा शब्द पोपटाच्या अगदी चोचीपर्यंत आला होता. तेवढ्यात सगळे प्राणी एका आवाजात ओरडले, "दयाळाचं!"

कौतुक दयाळाला गेले, शिक्षा पोपटाला झाली. तीच ढोली, तेच काटे. पोपटाने ठरवले, आपणही इथे सात गाणी रचायची. महिना गेला, दोन महिने गेले, त्याला स्वतःची एक ओळ सुचली नाही. आणि एके दिवशी बाहेरून जाणारी हरिणी एक नवेच गाणे गुणगुणताना त्याला ऐकू आले. डोंगरापलीकडून आलेले ते गाणे नीट ऐकू यावे म्हणून पोपटाने काट्यांना कान लावला.

तात्पर्य एवढेच : गाणाऱ्याला कोंडता येते, हाकलता येते, पण त्याचे गाणे थांबवता येत नाही, आणि जो मत्सराने ते थांबवायला जातो, त्याच्याच तोंडी ते बसते.