कारभाऱ्याच्या दारावरची डहाळी

फार पूर्वी, बैलांच्या पाठीवरून मीठ घाट चढून देशावर जायचं, त्या काळात घाटाच्या पायथ्याशी ओताऱ्यांचं एक गाव होतं. तांबं-पितळ वितळवून हंडे, समया, घंटा ओतायच्या हा त्यांचा पिढीजात धंदा. गावावरच्या खिंडीत मात्र हिवाळ्यात असं धुकं उतरायचं, की पुढच्या बैलाचं शेपूट मागच्या माणसाला दिसू नये. दरवर्षी कोणी ना कोणी वाट चुकून कड्यावरून खाली जायचं. शेवटी तिथल्या राणीने ठरवलं, खिंडीत एक मोठी घंटा टांगायची. धुक्यात ती वाजत राहील आणि माणसं तिच्या आवाजाच्या रोखाने सुखरूप येतील.

ओतायला ओतारी होतेच. पण माती कधी मळायची, लाकूड कधी तोडायचं, भट्टी कधी पेटवायची, हे सगळं जुळवणार कोण? त्यासाठी गावात एक कारभारी होता. मोठा गुणी माणूस. पडवीत बसून तो जमिनीवर खडे मांडायचा. तांबडा खडा मातीकामाचा, काळा भट्टीचा, पांढरा बैलांचा. त्या रांगा बघून सगळं गाव कामाला लागायचं.

खड्यांच्या मधे मधे तो कडुलिंबाचं पान ठेवायचा. त्या गावची रीतच होती तशी. जे विसाव्याला ठेवलंय त्यावर कडुलिंबाची डहाळी लावायची. भट्टी निवत असली की भट्टीवर, बैल दमला की त्याच्या गोठ्यावर, आणि ओतलेलं भांडं मातीखाली थंड होत असलं की त्या मातीत. डहाळी आहे तोवर राजा आला तरी हात लावायचा नाही. कारभाऱ्याने पडवीतलं पान उचललं, की मगच डहाळी उतरायची.

एकदा त्याची बायको शेजारी बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, यात सगळ्यांचे खडे आहेत. तुमचा कुठे आहे?"

"माझा कशाला? मी थोडाच ओततोय? मी तर नुसता बसलेला असतो."

"मग तुमचं पानही नाही?"

"बसलेल्या माणसाला कसला विसावा?" असं म्हणून तो हसला. बायकोने सुपातला खडा वेचून अंगणात टाकला.

तेवढ्यात राणीचा निरोप आला. यंदा धुकं लवकर उतरणार असं मेंढपाळ सांगत होते. घंटा लवकर हवी होती.

"बसवतो कसंतरी," कारभारी म्हणाला आणि खडे जवळ जवळ सरकवू लागला. पण बैलांचं पान काढायला त्याचं मन होईना. भट्टीचं पान तर काढताच येईना. मग काटछाट करायची कुठे? जिथे तक्रार करणारं कोणी नाही तिथे. त्याने स्वतःचं जेवण छाटलं, झोप छाटली. भाकरी उभ्या उभ्या खायचा. रोज संध्याकाळी लेक मांडीवर बसून एक खडा मांडायची, तिला तो "उद्या, बाळा" म्हणू लागला, आणि तो उद्या काही उजाडेना. दिवसभर दारात रीघ. "कारभारी, लाकूड ओलं आहे." "कारभारी, बैल लंगडतोय." जो माणूस कधी बैलावरसुद्धा ओरडला नव्हता, तो आता माणसांवर खेकसू लागला. बायकोने पडायला सांगितलं की म्हणायचा, "मी पडलो तर सगळं अडेल."

घंटा ओतली गेली. माती लोटली, मातीत डहाळी खोचली. आता एवढी जड घंटा वर नेण्यासाठी घाटाची वाट रुंद करायची होती. कारभाऱ्याचा जीव त्या कामाच्या लांबलचक रांगेत अडकला होता. एका सकाळी वाऱ्याने अंगणातल्या कडुलिंबाचा पाला पडवीत आला. तारवटलेल्या डोळ्यांनी, करवादून, त्याने तो पाला गोळा केला आणि बाहेर भिरकावला. त्या पाल्यातच घंटेचं पानही गेलं. मग त्याने रांगेकडे पाहिलं. खड्याला लागून खडा, मधे पान नाही.

"घंटा अजून उकरली कशी नाही?" तो ओताऱ्यांवर बरसला.

थोरला ओतारी चाचरत म्हणाला, "कारभारी, पान नक्की उचललंत ना? मला वाटत होतं, अजून अवकाश आहे."

"आता आखणी तुम्ही शिकवणार का मला?"

थोरल्याने मान खाली घातली. कारभारी आजवर कधी चुकला नव्हता. म्हणून त्यांनी माती उकरली. आतली घंटा अजून चांगलीच तापलेली होती. तिला गार वारा लागला आणि काठापासून खांद्यापर्यंत ती कडकन तडकली.

कारभाऱ्याला सकाळी भिरकावलेला पाला आठवला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आजच्या आज पुन्हा भट्टी लावा," तो म्हणाला. "मी आता पडवीतून हलत नाही." तो घरी आला आणि खडे मांडू लागला, पण खडे बोटांतून निसटून घरंगळत जायचे.

बायको अंगणात गेली. तिने लिंबाची एक डहाळी मोडली आणि घराच्या दारावर बांधली.

"अगं, हे काय?"

"रीत आहे आपली."

"माणसाला नाही बांधत."

"नाही बांधली, म्हणून तर घंटा तडकली."

"तिकडे माणसं कड्यावरून जातील आणि मी इथे झोपू?" तो उठला आणि त्याने डहाळीला हात घातला. ती उतरवायचा अधिकार गावात त्याचाच होता. बायकोने अडवलं नाही.

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. सकाळी ह्याच हाताने घंटेचं पान पाला म्हणून फेकलं होतं. आता हाच हात पुन्हा घाई करत होता. त्याने डहाळी सोडली, आत गेला आणि घोंगडीवर आडवा झाला. मग रडता रडताच त्याला झोप लागली.

लोक प्रश्न घेऊन आले, डहाळी बघून माघारी गेले. ओलं लाकूड त्यांनी आपणहून उन्हात पसरलं. लंगड्या बैलाचा खूर धुऊन बांधला. काही अडलं नाही. घंटा तडकल्याचं कळून राणी स्वतः आली, तेव्हा थोरल्या ओताऱ्याने घाबरत दाराकडे बोट दाखवलं. राणी घोड्यावरून उतरून लिंबाखाली बसली. "राजाला अडवणारी डहाळी राणीला कशी सोडेल?" ती म्हणाली आणि कारभाऱ्याच्या बायकोने दिलेलं ताक चवीने प्यायली.

कारभारी उठला तो अंग हलकं होऊन. लेकीला मांडीवर घेऊन बसून जेवला. मग पडवीत आला आणि खड्यांच्या सगळ्यात लांब रांगेकडे बघून चक्क हसायला लागला.

"वाट रुंद करायची ती अख्खी घंटा वर न्यायला," तो म्हणाला. "आता अख्खी घंटा आहे कुठे? फोडून तुकडे करा. मिठाच्या गोण्यांसारखे बैलांच्या पाठीवर जातील. भट्टी वरच लावू आणि घंटा खिंडीतच ओतू."

"लाकूडही वरच्या रानातच आहे," थोरला ओतारी म्हणाला. "हे आधी कसं नाही सुचलं हो, कारभारी?"

"आधी डोकं जागेवर होतंच कुठे? पान नक्की उचललं का, हे तुम्ही विचारलंत, तेव्हा मी उलटा तुमच्यावरच खेकसलो. चुकलं माझं."

वाट रुंद करायचा सगळा वेळ वाचला. खिंडीतच घंटा ओतली गेली. पण ती मातीखाली निवत होती तेवढ्यात धुकं उतरलं. सगळ्यांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. त्याने पान उचललं नाही. म्हणाला, "घरातल्या थाळ्या आणा. घंटा निवेपर्यंत आपणच वाजवू. पाळीपाळीने, आणि पाळी संपली की ज्याने त्याने झोपायचं." त्यात एक पाळी त्याने स्वतःची ठेवली, आणि ती संपल्यावर मुकाट्याने झोपला.

थाळ्यांच्या आवाजाच्या रोखाने मिठाचे तांडे खिंड पार करत राहिले. मग एके सकाळी कारभाऱ्याने पान उचललं, घंटा टांगली आणि पहिला टोल दिला. धुक्यातून एक म्हातारा मीठवाला बैलाच्या कानाला धरून बाहेर आला आणि घंटेला हात जोडून पुढे गेला. त्या हिवाळ्यात कड्यावरून कोणी गेलं नाही.

पडवीत आता एक पिवळा खडा जास्तीचा असतो. तो कारभाऱ्याचा. रंग लेकीने निवडलाय. त्याच्या शेजारी एक पान असतं, आणि वारा सुटला की कारभारी आधी त्या पानावर हात ठेवतो.

तात्पर्य: दुसऱ्यांचा विसावा आखणाऱ्याने स्वतःचाही आखावा, दमलेल्या हाताला पान आणि पाला यांतला फरक कळत नाही.