पाचवा चेंडू

"मग आता तरी मला उस्ताद म्हणाल का?"

भूपालनं विचारलं आणि मुठीतला लाकडी चेंडू ओट्यावरच्या चार चेंडूंशेजारी ठेवला. तांबडा रंग उडालेला. एका अंगाला कबुतरांची घाण वाळलेली.

दस्तगीर उस्तादांचा चहाचा कप तोंडाजवळ थांबला.

"कुठं घावला?"

"जुनं थेटर पाडतायत. छताच्या तुळईवर, बेचक्यात बसला होता. तीन दिवस मुकादमाच्या मागं लागलो. शेवटी स्वतः चढलो."

"हं..."

भूपाल चौगुले एकाच वेळी सात चेंडू फेकून झेलायचा. सात. एकही पडत नसे. सोमवारी तो सर्कशीत निघाला होता. पाटीवर नावाआधी उस्ताद लिहायचं, तर ते आधी गुरूच्या तोंडून निघावं लागतं, अशी या लोकांत रीत. अकरा वर्षांत म्हाताऱ्याच्या तोंडून ते निघालं नव्हतं. बाकी शिव्या भरपूर निघाल्या होत्या.

"तुमचे पाच पुरे नव्हते. मी पुरे केले."

"चहा घे," उस्ताद म्हणाले.

भूपालनं बशीला हात लावला नाही.

दस्तगीर उस्ताद नाटक कंपनीत होते. नट नव्हेत. आत जंगलाचा देखावा काढून दरबाराचा मांडेस्तोवर पडद्यापुढं उभं राहून चेंडू फेकायचे, एवढीच नोकरी. आतून घंटा वाजली की चेंडू गोळा करायचे आणि चालू पडायचं. लोक राजाला बघायला आलेले असत, यांना नव्हे. वीस वर्षं असंच गेलं. मग मिरजेतल्या एका खेळानंतर कंपनी मोडली आणि उस्ताद इथंच राहिले.

"त्या दिवशी त्या थेटरात घंटा झाली," उस्ताद चेंडूकडं बघत म्हणाले. "चार हातात आले. पाचवा वर होता. मी हात पसरला..."

"आणि?"

"आला न्हाई."

"अडकला होता."

"ते तुला आज कळलं. सातशे माणसं वर बघाय लागली. मी बी. मागं घंटा बडवत्यात, राजा शिव्या देतोय... मी हात पसरून उभा. शेवटी तसाच हात पसरून आत गेलो."

"हसले असतील लोक."

"हसले की. मग राजा आला. त्याच्याकडं कोण बघंना. समद्यांच्या माना वर."

उस्ताद हसले. दात दोनच उरले होते.

ही गोष्ट भूपालनं शंभरदा ऐकली होती. तो खेळ बघितलेलं माणूस बाजारात भेटो की मयतीला, उस्तादांना एकच विचारायचं. आला का खाली? आणि उस्ताद म्हणायचे, अजून नाही. आता तसं विचारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी राहिली होती.

"मी सात फेकतो, उस्ताद."

"फेकतोस."

"मग अडलंय कुठं?"

उस्तादांनी कपातला चहा संपवला.

गल्लीतून काठी टेकत गोदावहिनी आल्या. पेठेतल्या शिंप्याची बायको. ओट्यापाशी थांबून दम घेतला.

"काय दस्तगीरभाई, आला का खाली?"

भूपाल ताडकन उठला. ओट्यावरचा पाचवा चेंडू त्यानं उचलला. आजवर कुणाला देता आलं नाही ते उत्तर तो देणार होता. तोंड उघडलंच होतं त्यानं.

"आमचे हे गेले श्रावणात," गोदावहिनी म्हणाल्या. "नवं लग्न झालेलं, तवा मला घेऊन आलेले त्या खेळाला. सासूला चोरून. जायच्या आधी दोन दिवस नुसते आढ्याकडं बघत होते. म्हटलं, काय बघताय? तर म्हणतात, दस्तगीरचा चेंडू..."

त्यांना हसू आलं. मग पदर डोळ्याला लागला.

"म्हणून म्हटलं, आता त्यांच्या वाटचं मीच विचारावं. आला का?"

उस्ताद गप्प. पहिल्यांदाच गप्प. ते गोदावहिनींकडं बघत नव्हते, भूपालकडं बघत होते.

भूपालचा हात हळूहळू पाठीमागं गेला.

"अजून नाही, आजी," तो म्हणाला.

गोदावहिनींनी मान वर करून कौलांपलीकडं आभाळात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली, काठी सावरली आणि पुढं गेल्या. चाल जरा हलकी झाल्यासारखी वाटली.

भूपाल खाली बसला. चेंडू त्यानं चारांत ठेवला नाही. सदऱ्याच्या खिशात सारला. पाटीचं काही बोलला नाही.

दस्तगीर उस्ताद बशी त्याच्यापुढं सरकवत म्हणाले,

"चहा निवला, उस्ताद. घ्या."