हो जी म्हणणाऱ्या गावाचे अंताराम गुरुजी

फार वर्षांपूर्वी हिरडाटोल्याला एक गुरुजी आले. नेमकं किती वर्षांपूर्वी, ते मला सांगता येणार नाही आणि गावात विचाराल तर प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळाच आकडा सांगेल. गुरुजींचं नाव अंताराम. काखेत छत्री आणि डोक्यावर पुस्तकांची पेटी घेऊन ते वैनगंगेच्या पलीकडून पायी आले. असं म्हणतात, की ती पेटी उतरवायला चार गडी लागले. मी ती पेटी पाहिली आहे. शाळेच्या कपाटावर ठेवलेली असते आणि पाचवीतली मुलगी ती एका हाताने खाली काढते. पण साधी गोष्ट साधेपणाने सांगायची आमच्या गावाला सवयच नाही, तिथे मी तरी काय करणार?

तर ऐका. हिरडाटोल्याला एक मोठा तलाव आहे. तलावाचं पाणी अडवायला मातीची लांबलचक पाळ, पाळीखाली भाताची शेतं आणि शेतांना लागून घरं. त्या काळी तलाव मालगुजाराचा, शेतं मालगुजाराची आणि शाळा भरायची ती पडवीही मालगुजाराच्याच घराची. त्यामुळे गावाला एक खोड लागली होती. कोणी मोठा माणूस काही बोलला, की सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि म्हणायचं, "हो जी." समजो, न समजो. एकदा वैद्याने एका म्हाताऱ्याला सांगितलं, काढा प्यायचा आणि लेप गुडघ्याला लावायचा. तो म्हणाला, हो जी. घरी जाऊन त्याने लेप चाटून खाल्ला आणि काढ्याने गुडघे चोळले. पुढचे तीन दिवस तो लोटा घेऊन धावतच होता. चौथ्या दिवशी वैद्याने विचारलं, आता आराम आहे ना? म्हातारा भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, हो जी.

अशा गावात गुरुजी शिकवायला बसले. पहिल्या दिवशी त्यांनी बेरीज शिकवली आणि विचारलं, समजलं का? चाळीस पोरं एका सुरात म्हणाली, हो जी. गुरुजी खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच बेरीज घातली, तर एकालाही येईना. तिसऱ्या दिवशी गुरुजींना शंका आली. ते म्हणाले, उद्यापासून सूर्य मावळतीला उगवणार आहे, समजलं का? हो जी. म्हैस अंडी घालते आणि त्यातून बेडूक निघतात, समजलं का? हो जी. मी आत्ता तुमच्यासमोर बसलेलोच नाही, समजलं का? हो जी.

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. असं म्हणतात, की त्या वर्षी त्यांनी इतक्या वेळा कपाळावर हात मारला, की तिथे पाचही बोटांचा ठसा कायमचा उमटला. हे मात्र मला खरं वाटतं. माझ्याही कपाळावर उमटत आला आहे.

मग गुरुजींनी एक ठरवलं. ते पडवीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, जोवर तुमच्यातलं कोणीतरी 'समजलं नाही' असं म्हणत नाही, तोवर पुढचा धडा नाही. पोरं म्हणाली, हो जी. आणि गुरुजी गप्प बसले. ते रोज यायचे, बसायचे आणि संध्याकाळी उठून जायचे. पोरंही रोज यायची, बसायची आणि उठून जायची. हे किती दिवस चाललं? कोणी म्हणतं सात, कोणी म्हणतं एकवीस. केस पिकलेली माणसं यावरून दरवर्षी हमरीतुमरीवर येतात. असं म्हणतात, की गुरुजी इतके निश्चल बसले होते की त्यांच्या टोपीत चिमणीने घरटं केलं, अंडी घातली आणि पिल्लं उडूनसुद्धा गेली. आता चिमणीच्या पिल्लांना उडायला किती दिवस लागतात, ते तुम्हीच मोजा आणि वाद मिटवा.

त्या पडवीच्या पायरीशी रोज एक पोरगी येऊन थांबायची. पारबता तिचं नाव, ढिवराची मुलगी. तिचा बाप तलावात मासे धरायचा आणि ती मालगुजाराच्या घरी मासळीची टोपली पोचवायची. शाळेत तिचं नाव नव्हतं. तिने इतके दिवस हा प्रकार पाहिला आणि एका सकाळी तिला राहवलं नाही. टोपली खाली ठेवून ती म्हणाली,

"गुरुजी, तुमी अशे चूपचाप काहून बसून रायले? मले समजलं नाही."

गुरुजींनी डोळे उघडले. त्यांनी तिला हाताला धरून पडवीत आणलं आणि सगळ्यांच्या पुढे बसवलं. असं म्हणतात, की त्या दिवशी तलावातली सगळी कमळं भर दुपारी पुन्हा उमलली. कमळांचं मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून शाळा सुरू झाली, एवढं खरं. पोरांना वाटलं, ढिवराच्या पोरीला विचारता येतं, मग आपण काय घोडं मारलंय? आणि एकदा तोंडं उघडली ती मिटेनात. आकाश वर का, मीठ खारट का, हाताला पाच बोटं का, सहा का नाहीत. गुरुजींचा जीव मेटाकुटीला यायचा. जे येत नसे त्याला ते सरळ म्हणायचे, मलाही समजलं नाही, चला शोधू. असा गुरुजी त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग ते साल आलं. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडाचे बैल मिरवायचा दिवस. तलाव काठोकाठ भरला होता. त्याच दिवशी मालगुजाराने बांधकाम तपासणारा ओवरसियर आणला आणि सगळं गाव पाळीवर बोलावलं. ओवरसियर म्हणाला, पाळ मजबूत आहे, जादा पाणी वाहून जातं तो सांडवा मातीने बंद करा, आणखी हातभर पाणी अडेल आणि मालगुजारांची वरची शेतंही पिकतील. समजलं का? गाव म्हणालं, हो जी.

पारबता तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. ती पाळीच्या खालच्या अंगाने चढून वर आली होती आणि येताना तिने एक गोष्ट पाहिली होती. पाळीच्या पायथ्याशी नेहमी थोडं पाणी झिरपतं. ते पाणी नितळ असतं, तोवर काळजी नाही, हे ढिवराच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी ते पाणी गढूळ होतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. बापाने तिचा दंड दाबला. मासे धरायचे की नाही, ते मालगुजाराच्या मर्जीवर होतं. त्याची मर्जी गेली तर त्यांची चूल थंड झाली असती. तरी ती बोललीच.

"पाळ मजबूत हाये, तं खालचं पानी गढूळ काहून? मले समजलं नाही जी."

ओवरसियर हसला. मालगुजार लाल झाला. त्याने तिच्या बापाकडे असं पाहिलं, की बापाची मान खाली गेली. पाळीखाली ज्यांची घरं होती तेही बोलेनात, याचा मला आजही संताप येतो. तेवढ्यात गर्दीतून छत्री वर झाली आणि अंताराम गुरुजी म्हणाले, "मलाही समजलं नाही."

मग हातात लाकडी बैल घेतलेली पोरं एकेक करून पुढे आली. मलेबी समजलं नाही. मलेबी नाही. चाळीस पोरं. असं म्हणतात, की शेवटी लाकडाच्या बैलांनीही माना हलवल्या. पोरांची तोंडं बंद करावी म्हणून मालगुजार तणतणत पाळीखाली उतरला आणि जिथून पाणी झिरपत होतं तिथे त्याने आपली काठी खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली. ती बाहेर काढली तसा मनगटाएवढा गढूळ पाण्याचा लोट आला.

पुढचं काय सांगू. सांडवा आणखी खोल खणला, गवत, फांद्या आणि मातीच्या टोपल्या टाकून भोक बुजवलं, दिवस मावळायच्या आत पाणी उतरलं आणि गाव वाचलं. आता काही लोक सांगतात, की गुरुजी स्वतः त्या भोकात आडवे झाले आणि त्यांनी पाठीने पाणी अडवलं. हे खोटं आहे. कुठल्या तरी पोथीतली गोष्ट आमच्या माणसांनी उचलली आणि गुरुजींना चिकटवली. गुरुजींना मातीची एक टोपली धड उचलता येत नव्हती. ते दिवसभर छत्री धरून कडेला उभे होते आणि आधी फांद्या का, मग माती का, असं विचारून काम करणाऱ्यांना भंडावून सोडत होते.

गाव वाचलं, पण मालगुजाराची काठी सगळ्यांदेखत मुठीपर्यंत रुतली होती. ते त्याच्या पोटात राहिलं. आठ दिवसांनी त्याने फक्त मोठ्या पुरुषांना अंगणात बोलावलं. बाया नाहीत, पोरं नाहीत, ढिवरांपैकी कोणी नाही. तो म्हणाला, पडवी मला हवी आहे, शाळा बंद, गुरुजी उद्या जातील. समजलं का?

आणि गाव म्हणालं, हो जी.

हे सांगताना दर वेळी माझं डोकं फिरतं. ज्यांची घरं त्या पोरांमुळे आणि त्या माणसामुळे उभी होती, ते म्हणाले, हो जी. त्या अंगणात माझा आजोबा होता. आम्ही कसत होतो ते शेत पाळीला अगदी लागून. पाळ फुटली असती तर आमची मूठभर मातीसुद्धा उरली नसती. तोही म्हणाला, हो जी.

गुरुजी दुसऱ्या दिवशी निघाले. पेटी शाळेला ठेवली आणि छत्री तेवढी घेतली. गावाच्या वेशीवर पारबता उभी होती. गुरुजी, तुम्ही का जाता, समजलं नाही, असं ती रडत म्हणाली. गुरुजी थांबले आणि तिला म्हणाले, "बरोबर विचारलंस पारबता. पण मला नको विचारू. त्यांना विचार."

पारबताने विचारलं. रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन ती मालगुजाराच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, गुरुजी काहून गेले, मले समजलं नाही जी. बापाची मासेमारी बंद झाली, तेव्हा ती रिकामी टोपली घेऊन आली. मग तिच्यामागे बाकीची पोरं येऊन उभी राहू लागली, मग पोरांच्या आया. हे वर्षभर चाललं. असं म्हणतात, की मालगुजाराच्या ताटातले मासेसुद्धा तोंड उघडून तेच विचारायचे आणि त्याला घास गिळवेना. अखेर तो कंटाळला. त्याने पारबताच्या बापाला तलावात पुन्हा मासे धरू दिले, शाळेला पाळीच्या टोकाची जागा दिली आणि गुरुजींना आणायला वैनगंगेपलीकडे बैलगाडी पाठवली.

गाडी रिकामी परत आली. गाडीवान म्हणाला, ज्या गावात जावं तिथे पोरं हात वर करून समजलं नाही, समजलं नाही म्हणतात आणि लोक सांगतात, गुरुजी होते, कालच पुढच्या गावाला गेले. सतरा गावं झाली, मग बैल थकले. असं म्हणतात, की गुरुजी अजूनही एक गाव पुढेच आहेत.

हिरडाटोल्यात मात्र तेव्हापासून एक रीत आहे. ग्रामसभेत कोणताही ठराव असो, कोणीतरी उठून 'समजलं नाही' म्हटल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. गावातल्या एका नळाच्या तोटीचा ठराव गेल्या वर्षी तीन सभा चालला. मी सभेत बसलो की माझा हात आपोआप कपाळावर जातो. आणि तान्ह्या पोळ्याला, जिथे ती काठी रुतली होती तिथे, गुरुजींच्या शाळेत शिकलेले सगळे जमतात. नागपूरहून येतात, पुण्याहून येतात. प्रत्येक जण पाळीवर मूठभर माती टाकतो आणि आपल्याला अजून न समजलेली एक गोष्ट गुरुजींच्या नावाने मोठ्याने सांगतो. पोरं बैल घेऊन ऐकत उभी असतात. पारबताची नात डॉक्टर आहे. तिची यादी संपत नाही आणि जेवणं खोळंबतात.

आमच्या घरातून कोणीही गेलं तरी एकच गोष्ट सांगायची असते. ती आजोबाने मरताना लावून दिली आहे. त्याने स्वतः ती उभ्या आयुष्यात दरवर्षी सांगितली, मग बापाने सांगितली आणि आता माझी पाळी आहे. मी मूठभर माती टाकतो आणि म्हणतो,

"गुरुजी, त्या दिवशी आमी हो जी काहून म्हटलं, ते अजून समजलं नाही."