दगडातली अर्धी ओळ

शाळा लवकर सुटली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. शब्दही साधेच येतात. वाचणाऱ्यांनी माफ करावं. ही गोष्ट जे आत आहेत त्यांच्यासाठी लिहिली आहे.

एका राज्यात महीधर नावाचा राजा होता, आणि त्या राज्याची एक रीत होती. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगे आणि गाण्याची एक ओळ सांगे. ती ओळ त्या बाळाची. सुगी आली की सगळा गाव खळ्यावर जमे, हलगी वाजे, आणि ज्याने त्याने आपापली ओळ म्हणावी, असं ते गाणं पुरं होई. दुसऱ्याची ओळ कोणी ओठांवर घेत नसे. माणूस मेला तरच घरच्यांनी ती एकदा म्हणायची, मग ती ओळ मातीला मिळाली.

राजाच्या पदरी कपालमणी नावाचा मांत्रिक होता. तो म्हणाला, "महाराज, किल्ल्याची भिंत वाढेल तोवर तुमची गादी हलणार नाही."

"भिंत कशाने वाढते?"

"माणसं आत घातली की वाढते."

राजाने माणसं आत घातली. एकाची पाठ धरली होती, राजापुढे वाकता आलं नाही, तो आत. एकजण हसला, कोण ते सापडेना, म्हणून सगळी आळी आत. बिरू नावाच्या पोराने राजाची पालखी जाताना शीळ घातली, तोही आत. भिंत वाढत गेली. दुपारीच गावावर तिची सावली पडू लागली.

बिरूची थोरली बहीण हौसा दरबारात गेली. हलगी काखेत, मान ताठ.

"भाऊ सोडा."

राजाने मांत्रिकाकडे पाहिलं. मांत्रिक म्हणाला, "तीन कामं कर. कोरड्या आडाचं पाणी आण. वाऱ्यात न विझणारा दिवा आण. आणि भिंतीच्या दगडाला बोलायला लाव."

भिंतीच्या फटीत एक साळुंकी राहत होती. तिला माणसाची भाषा येई. ती हौसाच्या खांद्यावर येऊन बसली.

"आडाला हाक मार," साळुंकी म्हणाली. "पाणी गेल्यापासून त्याच्याशी कोणी बोललं नाही." हौसाने आडात वाकून हाक मारली. पाणी काठापर्यंत आलं, तिने घागर भरून घेतली.

"दिवा त्या आयांकडून घे, ज्यांची लेकरं आत आहेत. वाट पाहणारा दिवा विझत नाही." हौसाने आपल्याच आईच्या उंबऱ्यावरचा दिवा उचलला. भर वाऱ्यातून दरबारात नेला. ज्योत हललीसुद्धा नाही.

"आता दगड," हौसा म्हणाली.

साळुंकीने भिंतीकडे मान वळवली. मग म्हणाली, "हे दगड खाणीतले नव्हेत. आत गेलेल्यांच्या ओळी तुम्ही सुगीला मोकळ्या सोडता. नुसती हलगी वाजवता, पुढे जाता. ती मोकळी जागा मांत्रिक उचलतो आणि तिचा दगड करतो. भिंत त्याची असेल, पण दगड तुम्ही पुरवलेत."

हौसा घरी आली. चुलीच्या जाळावर हलगी तापवू लागली. आईने विचारलं, "कशाला गं?"

"बिरूची ओळ म्हणणार आहे."

आई ताडकन उठली. "जित्या माणसाची ओळ? मारतेस का माझ्या लेकाला?"

"म्हटली नाही तर भिंतीत जातो गं तो."

"आणि म्हटलीस तर मातीत!"

हलगी तापून टणक झाली, तरी हौसा जाळापुढेच बसून राहिली. मग एकाएकी उठली. "आये, चल माझ्याबरोबर. पुरी नाही म्हणणार."

किल्ल्यापुढे राजा सज्जात बसला होता, मांत्रिक शेजारी. हौसाने हलगीवर थाप दिली आणि गायली,

"मी चाललो मळ्याकडं..."

आणि थांबली. हलगीही थांबली. आईने पदर तोंडात धरला. भिंत गप्प होती. मग एका दगडाच्या आतून आवाज आला,

"...पाणी येई मागं मागं! अगं हौसाक्का, सूर केवढा चढवलास! म्हशीला हाक मारतेस का?"

आई रडता रडता हसली. तो दगड भिंतीतून निखळला आणि ढेकळासारखा फुटला. भोकातून बिरूचं डोकं दिसलं.

राजा उभा राहिला. "तिन्ही कामं झाली. भाऊ घे, हलगी इथे ठेव, आणि घरी जा."

हौसाने भावाकडे पाहिलं. हात पुढे केला असता तर लागला असता.

"एकटा बिरू घेऊन काय करू, महाराज? सुगीला खळ्यावर कोण गाणार? सगळे सोडा."

"मग हाही मिळणार नाही. तूही आत जाशील."

"घाला. आतूनही गाता येतं."

बिरू भोकातून ओरडला, "अक्का, मला नेलंस ना, तर मीच परत येईन बघ! इथे आळीच्या आळी बसलीये. यांना सोडून कुठं जाऊ?"

शिपाई हौसाला धरायला निघाले. तेवढ्यात तिची आई पुढे झाली. शेजारच्या सदूची अर्धी ओळ तिने म्हटली. आतून सदूने ती पुरी केली. दगड पडला. मग गावातून बायका आल्या, म्हातारे आले. कोणी नवऱ्याची अर्धी ओळ म्हणे, कोणी मैत्रिणीची. एका शिपायाने भाला खाली ठेवला आणि आपल्या मेहुण्याची म्हटली. दगड कोसळत राहिले. मांत्रिकाने कानांवर हात ठेवले, त्याचं वटवाघूळ झालं आणि ते उन्हात आंधळं होऊन उडालं.

शेवटी एकच दगड उरला. कोणाच्याच ओळीने तो हलेना.

"तो राजाचा आहे," साळुंकी म्हणाली. "त्याच्या कानात कोणी ओळ सांगितलीच नाही."

राजा खाली उतरला. मुकुट त्याने पायरीवरच ठेवला. "मला कोण देईल?" त्याने विचारलं.

हौसाची आई म्हणाली, "सुगीला ये. आधी मळणी कर, मग बघू."

लोकांनी राजाला कोंडलं नाही. कोंडायला भिंतच नव्हती. तो सुगीला आला, घामाघूम झाला, आणि आळीतल्या एका म्हातारीने त्याच्या कानात चार शब्द सांगितले. त्याने ते म्हटले. शेवटचा दगड फुटला. त्या वर्षी गाण्यात एकही जागा मोकळी राहिली नाही.

एवढं लिहून मी निजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी तापवली, तुरुंगाच्या मागच्या भिंतीपाशी गेलो, आतल्या एकाची अर्धी ओळ म्हटली, आणि थांबलो.