येसूआत्याने सोडलेल्या गाठी

परवा रात्रभर मला झोप नव्हती, आणि कारण काय, तर वाटीभर उरलेला वरणभात. तो मी पिशवीत बांधून कोपऱ्यावरच्या गाईपुढे ठेवला आणि पुण्य केल्यासारखी घरी आले. तेव्हा पाच वर्षांच्या रेवानं विचारलं, "आई, गाय गाठ कशी सोडते?" शिकलेली बाई मी, पण हे आधी डोक्यात आलं नव्हतं. सकाळी कोपऱ्यावर जाऊन पाहिलं, तर गाय नव्हती आणि पिशवीही नव्हती.

मग रेवाला माझ्या आजोळची गोष्ट सांगितली. मला गोष्टी रंगवता येत नाहीत, पण ही माझ्या मदतीशिवायही चालते.

फार वर्षांपूर्वी, तुझी आई जन्मलीही नव्हती तेव्हा, बोरखडीत येसूआत्या गावची गुरं राखायची. तिच्या एका हाकेवर शंभर गुरं भरली नदी ओलांडून परत यायची, असं म्हणतात. जेवायच्या आधी गाईचा घास काढायचा, ही त्या गावाची रीत. बाया तो हातानं भरवायच्या. मग बाजारातून प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आल्या. हात खरकटा होत नाही म्हणून घास पिशवीत बांधून वेशीवर ठेवायला लागल्या. घासामागून कालचा भात गेला, परवाची उसळ गेली. उरलेलं गाईलाच जातंय म्हटल्यावर रांधायला धरबंध राहिला नाही.

आणि गुरं पोट फुगून मरू लागली. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे पाणी बाधलं. एक दिवस येसूआत्याची कपिला गेली. आत्यानं तिला वासरू असल्यापासून वाढवलं होतं. गुरांच्या डॉक्टरनं पोट उघडलं, तर आत नुसत्या पिशव्या. एकीत एक गुंतलेल्या. ओढता ओढता त्यांचा दोर वेशीपासून चावडीपर्यंत पोचला, असं म्हणतात.

येसूआत्यानं तो दोर धुतला आणि चावडीपुढच्या बाभळीवर टांगला. गाठी जशाच्या तशा होत्या. आपली गाठ बाईला ओळखू येतेच. एकेक जण पुढं आली आणि आपल्या गाठीपाशी मान खाली घालून उभी राहिली.

पाटलीणबाई म्हणाल्या, "येसू, आम्ही गाईलाच दिलं होतं गं."

"दिलंत ना. पण गाईला हात नसतात, बाई. गाठ सोडायची तेवढी राहिली."

शेवटी एक गाठ उरली. ती कुणीच आपली म्हणेना. येसूआत्यानं ती स्वतः सोडली. आत भाकरीचा तुकडा होता.

"ही माझी," ती म्हणाली. "तापात पडले होते, तेव्हा कपिलेला शेजारणीच्या हाती पाठवली होती."

दुसऱ्या दिवशी तिनं वेशीवर खोलगट दगडी डोण मांडली. उरलंसुरलं त्यात उघडं ठेवायचं. ती नुसती वाकून बघायची आणि सांगायची, "गोदे, आज तांदूळ दोन मुठी जास्त पडले." ती कधी चुकली नाही, असं म्हणतात. बाया आधी चिडल्या, मग लाजल्या, मग मापून रांधायला लागल्या. एक दिवस असा आला की डोणीत घरटी एकच ताजा घास होता. त्या दिवशी येसूआत्या गुरं घेऊन डोंगरात गेली. संध्याकाळी गुरं आपापल्या दारी आली. ती आली नाही. तिची हाक मात्र अजून येते, आणि गुरं माना वर करतात, असं म्हणतात.

अजूनही बोरखडीत नवी सून घरात पाऊल टाकण्याआधी डोणीपाशी जाते आणि उघड्या तळहातावर गाईला भाकरी भरवते. पंगतीत पोळी अर्धीच वाढतात, हवी तर पुन्हा मागा. बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी सगळा गाव ओढ्याकाठच्या पिशव्या वेचतो. त्याला 'येसूच्या गाठी सोडणं' म्हणतात.

गोष्ट संपली. मला वाटलं, चुकलंच माझं, एवढ्याशा पोरीला मेलेल्या गाईची गोष्ट कुणी सांगतं का?

मग रेवा म्हणाली, "कपिला आत्यावर रागावली नसेल. भाकरी बघून तिला वाटलं असेल, आत्या बरी झाली."